तेहतीस फुटांचे घर आणि दहा फुटांचा नियम

नागपूरच्या बाहेरच्या वस्त्यांत एक प्रश्न वर्षानुवर्षे ऐकू येतो : "तुमची आर.एल. झाली का?" आर.एल. म्हणजे भूखंड नियमित झाल्याचे नागपूर सुधार प्रन्यासचे पत्र. घर बांधून पंधरा-वीस वर्षे झालेली असतात, अंगणातला कडुनिंब छपराच्या वर गेलेला असतो, मुले शाळा संपवून कामाला लागलेली असतात. पण कागदावर ते घर नसते. ज्या तुकड्यावर ते उभे आहे, तो तुकडाच मंजूर नकाशात नसतो.

हे कसे झाले? 'लोकांनी कायदा मोडला' एवढे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. दोन-चार माणसे नियमाबाहेर गेली तर त्या माणसांची चौकशी करावी. पण एका शहरातली हजारो साधी, कष्टकरी कुटुंबे एकाच प्रकारे नियमाबाहेर गेली असतील, तर त्यांच्याबरोबर नियमाचीही चौकशी व्हायला हवी. तो नियम कोणी केला? कोणत्या घरासाठी केला? आणि लहान घराला तो लावला की काय होते? या लेखात आम्ही ही चौकशी करून पाहणार आहोत. त्यासाठी थोडा इतिहास लागेल आणि थोडे सातवीच्या पुस्तकातले क्षेत्रफळाचे गणित.

पेठा, वाडे आणि माग

अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राजा बख्त बुलंद शाह याने लहान लहान वाड्या एकत्र करून नागपूर वसवले. पुढे भोसल्यांच्या काळात शहर वाढले. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावे आजही त्या वाढीची खूण सांगतात. या जुन्या शहरात श्रीमंतांचा वाडा असो की विणकराचे घर, रचना एकाच तत्त्वावर होती : बांधकाम कडेने आणि मोकळी जागा मध्ये. वाड्यात मधला चौक एका कुटुंबाचा असे. मोहल्ल्यात तेच अंगण, तीच विहीर पाच-सात घरांची मिळून असे. घराला घर लागून, भिंत सामाईक.

कोष्टी विणकराच्या घरात जमिनीत खड्डा घेऊन माग बसवलेला असे. राहण्याची आणि कामाची जागा एकच. ताणा पसरायला घरासमोरची लांब मोकळी जागा लागे. म्हणजे 'इथे राहायचे, तिथे काम करायचे' अशी शहराची वाटणी त्याच्या उपयोगाची नव्हती.

एकमेकांना चिकटून बांधण्यामागे केवळ जागेची टंचाई नव्हती. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे सहज पटेल. येथे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. भिंत उन्हात तापते आणि ती उष्णता घरात येते. समजा, १५ फूट लांब, १५ फूट रुंद आणि १० फूट उंच अशी चार घरे आहेत. ती सुटी सुटी बांधली तर प्रत्येकाच्या चार भिंती उघड्या. एका घराच्या ६०० चौरस फूट, चार घरांच्या मिळून २४०० चौरस फूट. तीच घरे दोन-दोन अशी चिकटवून बांधली तर बाहेरचा घेर १२० फूट आणि उघड्या भिंती १२०० चौरस फूट. बरोबर निम्म्या! छप्पर तेवढेच राहिले, पण भिंतींतून येणारे ऊन अर्धे झाले. अरुंद गल्लीत समोरासमोरची घरे एकमेकांवर सावली धरतात, तो फायदा वेगळाच.

अर्थात या वस्त्यांचे गुणगान करून थांबता येणार नाही. सांडपाण्याची सोय नव्हती. लोकसंख्या वाढली तसे अंगण बुजवून खोल्या झाल्या, मधल्या खोल्यांत दिवसाही अंधार राहू लागला. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कामगारांची गर्दी वाढली. अशा दाटीत साथ शिरली म्हणजे काय होते, हे लवकरच दिसले.

साथ आली, नियम आले

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो देशभर पसरला. नागपूरही सुटले नाही. १८९८ साली मुंबईत शहर सुधारणेसाठी वेगळा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, घरांभोवती हवा खेळू द्यायची, हा त्याचा कार्यक्रम.

येथे विज्ञानाच्या इतिहासातली एक गंमत आहे. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली दाखवून दिले होते. पण रोग 'कोंदट हवे'तून होतो ही जुनी समजूत सहजासहजी गेली नाही. त्यामुळे उपाय ठरला तो हवेवरचा : घराच्या चारी बाजूंना मोकळी जागा. प्लेगला खरे तर धान्याची कोठारे, उंदरांची बिळे आणि कचरा याकडे पाहणे अधिक गरजेचे होते. मात्र उजेड आणि खेळती हवा क्षयरोगासारख्या आजारांत खरोखरच उपयोगी पडते. म्हणजे नियमामागचे कारण अर्धे चुकले होते, पण नियम अगदीच निरुपयोगी नव्हता. हे आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे ते कामाला येणार आहे.

चारी बाजूंनी मोकळी जागा असलेल्या घराचा नमुना डोळ्यासमोर होताच. सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले होते. मध्ये घर आणि भोवती एकर-एकराचे आवार. जुन्या शहराच्या नेमके उलटे! तेथे बांधकाम कडेने आणि मोकळी जागा मध्ये. येथे बांधकाम मध्ये आणि मोकळी जागा कडेने. विसाव्या शतकाच्या आरंभी आजच्या धंतोलीत मध्यमवर्गासाठी जी आखीव वस्ती झाली, तिलाही बंगल्याचेच रूप मिळाले. चीफ कमिशनर क्रॅडॉक यांच्यावरून तिला तेव्हा क्रॅडॉक टाउन म्हणत.

गेडिस यांचा वेगळा सूर

याच काळात पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ हिंदुस्थानात आले. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, शहराकडेही ते सजीवासारखे पाहत. १९१४ साली ते येथे आले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. त्यांपैकी १९१७ सालचा अहवाल नागपूर नगरपालिकेसाठी होता.

गेडिस यांची पद्धत शिक्षकांना आवडेल अशी होती : आधी पायी हिंडा, घर न् घर पाहा, विहिरी आणि झाडे नकाशावर मांडा आणि मगच बोला. सरळ रेषेत रस्ता मारून वस्ती उखडण्याला त्यांचा विरोध होता. अगदी मोडकळीला आलेली थोडी घरे काढा, त्या जागी लहान चौक करा, एक झाड लावा, गटार नीट करा. बाकीची वस्ती आहे तशी राहू द्या, असे ते सांगत. याला त्यांनी जपून केलेली शस्त्रक्रिया असे म्हटले होते. रुंद रस्त्यापेक्षा याचा खर्च कमी आणि बेघर होणारी माणसेही कमी.

त्यांच्या दृष्टीने मोकळी जागा किती आहे यापेक्षा ती कुठे आहे आणि तिचा उपयोग होतो का, हे महत्त्वाचे होते. घराच्या मागे दोन हातांची निरुपयोगी पट्टी सोडण्यापेक्षा सात घरांत मिळून एक अंगण बरे. हा विचार नियमांत उतरला असता, तर आपल्या शहरांचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

पिवळा रंग

१९३६ साली मध्य प्रांतात नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी प्रन्यासचे काम सुरू झाले. शेतजमीन संपादन करायची, रस्ते-गटारे आखायची, भूखंड पाडायचे आणि ते पट्ट्याने द्यायचे, अशी ही पद्धत. आजच्या नागपुरातल्या अनेक नेटक्या वस्त्या तिच्यातून झाल्या. रुंद रस्ते, मैदाने, झाडे हे सगळे त्या कामाचे श्रेय आहे आणि ते दिलेच पाहिजे.

१९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला. त्यानुसार शहराची विकास योजना करायची आणि कुठल्या जमिनीवर काय होईल ते नकाशावर ठरवायचे. शाळेत कधी विकास योजनेचा नकाशा मिळाला तर मुलांना जरूर दाखवा. रहिवासी विभाग पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा, बागा आणि मैदाने हिरवी.

शहराचे असे विभाग पाडण्याची कल्पना जर्मनीतून आली. फ्रँकफुर्टने १८९१ साली असे नियम केले. १९१६ साली न्यूयॉर्कने ते साऱ्या शहराला लावले. १९२६ साली युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विभागणी वैध ठरवली. कारखाना घराजवळ नको, हे कोणालाही पटेल. पण त्याच निकालात स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या भाड्याच्या इमारतीला चक्क परजीवी म्हटले आहे! म्हणजे आरोग्याच्या नियमाबरोबर दुसरी एक गोष्ट गुपचूप आत आली : लहान घरात राहणारा शेजारी नको. भूखंड किमान एवढा मोठा हवा, असा नियम केला की 'गरिबांना मनाई' असे वेगळे लिहावे लागत नाही.

एक गुंठ्याचे गणित

आता फळ्यावर आकृती काढा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौरस.

समजा, नियम सांगतो की घराच्या चारी बाजूंना दहा-दहा फूट जागा सोडा. (प्रत्यक्ष नियमात हे आकडे भूखंड आणि रस्ता यांनुसार बदलतात, आपण सोपा आकडा घेऊ.) आधी ६० फूट रुंद आणि १०० फूट लांब असा मोठा भूखंड घ्या. दोन्हीकडून दहा-दहा फूट गेले म्हणजे घरासाठी ४० गुणिले ८० उरतात. ३२०० चौरस फूट. निम्म्याहून अधिक जमिनीवर बांधता आले.

आता तोच नियम एक गुंठ्याला लावा. ३३ मधून २० गेले, उरले १३. १३ गुणिले १३ म्हणजे १६९ चौरस फूट. एक खोली! जमिनीच्या शंभर भागांतले जेमतेम पंधरा-सोळा भाग. नियम दोघांना एकच, शब्द तेच, फूटही तेवढेच. पण एकाला त्यातून बंगला मिळाला आणि दुसऱ्याला खोली. समान नियम म्हणजे समान वागणूक नव्हे, हे नागरिकशास्त्रातले वाक्य येथे भूमितीने सिद्ध होते.

मग लहान भूखंडावर मोकळी जागा सोडायचीच नाही का? तसे नाही. एक गुंठ्याचे चार भूखंड एकत्र घ्या. ६६ फुटांचा चौरस झाला. ४३५६ चौरस फूट. दहा फुटांची पट्टी फक्त या चौघांच्या बाहेरून सोडा. आत ४६ गुणिले ४६, म्हणजे २११६ चौरस फूट उरले. मधोमध १६ फुटांचे चौरस अंगण ठेवा. त्याचे २५६ चौरस फूट वजा करा. उरले १८६०. चौघांत वाटले तर प्रत्येकाला ४६५ चौरस फूट. १६९ च्या जागी ४६५! शिवाय प्रत्येक घराला बाहेरून आणि अंगणातून अशी दोन्हीकडून हवा. गेडिस जे सांगत होते आणि आपल्या आजोबांच्या मोहल्ल्यात जे होते, त्याचेच हे गणित आहे.

शेतातली नगरे

मिलमधला कामगार, रिक्षा चालवणारा, नव्याने लागलेला शिपाई यांना प्रन्यासचा मोठा भूखंड परवडत नव्हता. १९७६ साली नागरी जमिनीच्या कमाल धारणेचा कायदा आला. जमीन साठवून ठेवणाऱ्यांना आळा घालण्याचा त्याचा हेतू होता. पण मोठी जमीन रीतसर विकसित करून विकणे त्यामुळे अवघड झाले आणि लहान तुकडे करून विकणे सोपे झाले. मानेवाडा, वाठोडा, दिघोरी, नारी या बाजूंच्या शेतांत चुन्याने रेषा मारल्या गेल्या. हजार-दीड हजार चौरस फुटांचे तुकडे विकले गेले. पैसे हप्त्याने आणि करार मुद्रांक कागदावर.

घेणाऱ्याला तुकडा मिळाला. मिळाले नाही ते बाकीचे सारे. रीतसर अभिन्यास एक एकराच्या, म्हणजे ०.४ हेक्टरच्या वर असेल तर त्यात दहा टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. येथे विकणाऱ्याने शक्य तेवढी जमीन विकून टाकली. रस्ता बैलगाडीपुरता, गटार नाही, नळ नाही. अशा वस्तीतल्या शाळेला मैदान का नसते, याचे उत्तर येथे आहे. लहान घरांमुळे मैदान गेले नाही. लहान घरांसाठी नियमात जागाच नव्हती, म्हणून ती नियमाबाहेर झाली. आणि नियमाबाहेर झाली म्हणून मैदान ठेवायला लावणारे कोणी नव्हते.

अखेर २००१ साली महाराष्ट्रात गुंठेवारी विकासाचे नियमितीकरण करणारा कायदा झाला. १ जानेवारी २००१ च्या आधीचे असे तुकडे शुल्क भरून नियमित करता येऊ लागले. नागपुरात ५७२ आणि १९०० हे दोन आकडे लोकांच्या तोंडी बसले ते यामुळेच. नियमित करायच्या अभिन्यासांच्या त्या दोन याद्या. डिमांड नोट आली, की पैसे भरायचे आणि आर.एल.ची वाट पाहायची. पत्र नसेल तर बँकेचे कर्ज मिळणे कठीण, नकाशा मंजूर होणे कठीण, विकायचे तर भाव कमी. २०२१ साली कायदा दुरुस्त करून ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. याचा अर्थ सरळ आहे : मधली वीस वर्षेही तुकडे पडतच राहिले. माफी दिली गेली, पण ज्या कारणाने माफी द्यावी लागली ते कारण तसेच राहिले.

दुसरी वाट होती का?

होती, आणि ती महाराष्ट्रातच करून दाखवली गेली. १९८३ ते १९८६ च्या सुमारास वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला एक वसाहत उभारली. सुमारे सहा हेक्टरांत सुमारे ५५० कुटुंबे. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे सर्वांत लहान भूखंड अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. सात घरांच्या मध्ये आठ मीटरचे एक अंगण, असे तीन गट मिळून एक मोठे अंगण, अशी ती रचना वाढत जाते. गरीब आणि बऱ्या स्थितीतले कुटुंब यांच्या भूखंडांत फरक फार ठेवला नाही. घर हळूहळू वाढवता यावे, अशी सोय ठेवली. पुढे तेथील अनेकांनी मूळ घरे पाडून मोठी बांधली आणि वसाहतीचे रूप बदलले. पण सामाईक अंगणे आधीच आखलेली असल्याने ती घरांच्या खाली गेली नाहीत. मैदान आधी, तुकडा नंतर, हा त्यातला धडा.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरानेही १९९८ साली शहराच्या मध्यभागात घरासाठी लागणारा किमान भूखंड ५००० वरून १४०० चौरस फुटांपर्यंत खाली आणला. त्यानंतर एका जुन्या भूखंडावर दोन-तीन लहान घरे रीतसर होऊ लागली.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी परवानगीची रीत तिने बरीच सोपी केली. हे चांगले पाऊल आहे. पण त्यासाठी भूखंड मंजूर अभिन्यासातला हवा, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न : "आर.एल. झाली का?"

प्रत्येक फुटाला 'का?'

नियमच नकोत, असे आम्हाला म्हणायचे नाही. अग्निशामक गाडी गल्लीत शिरली पाहिजे, सांडपाणी वाहून गेले पाहिजे, प्रत्येक खोलीला उजेड मिळाला पाहिजे; यात तडजोड नको. लागून लागून घरे बांधताना सामाईक भिंत आगीला टिकेल अशी हवी आणि अंगण पुढे कोणी बुजवणार नाही, याची कागदोपत्री हमी हवी. या अटी कडक असाव्यात. पण त्या घराच्या गरजेतून निघाव्यात, बंगल्याच्या आठवणीतून नव्हे. नियमातल्या प्रत्येक फुटाला 'का?' असे विचारता आले पाहिजे. ज्याचे उत्तर उजेड, पाणी, आग किंवा वाट यांत सापडत नाही, तो फूट बहुधा शेजाऱ्याला लांब ठेवण्यासाठी असतो.

हा प्रश्न वर्गात नेण्यासाठी एक उपक्रम सुचवतो. मुलांना आपापल्या घराची आणि अंगणाची लांबी-रुंदी दोरीने मोजून आणायला सांगा. बांधलेला भाग किती, मोकळा किती आणि त्या मोकळ्या भागाचा उपयोग कशासाठी होतो, याचा तक्ता करा. मग चार मुलांच्या घरांचे भूखंड कागदावर एकत्र मांडून मध्ये एक अंगण काढता येते का ते पाहा. कुणाचे घर पक्के आणि कुणाचे अनधिकृत, ही चर्चा मात्र वर्गात नको. एखाद्या मुलाला त्याची बोच लागू शकते. मोजणी झाली की एकच प्रश्न फळ्यावर लिहा : या चार घरांसाठी नियम तुम्हाला करायचा असता, तर तुम्ही किती फूट सोडायला सांगितले असते, आणि का?